काढा, कलेजी आणि दोन बाटल्या

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दारू सोडायला एवढी गर्दी कधी होते का? ही मंडळी दारू न सोडता बरं व्हायला आली होती.

टेबलावर दोन बरण्या, दोन्हींत ताज्या कलेजीचा तुकडा. "यकृत म्हणजे सोशिक सून!" काढेमहाराज गरजले. "तिला माझ्या पानांच्या काढ्याचं चिलखत घाला आणि खुशाल प्या!"

पहिल्या बरणीत त्यांनी बाटलीतली दारू ओतली. दुसरीत आधी हिरवा काढा, मग दुसऱ्या बाटलीतली दारू. त्यांचं प्रवचन संपेपर्यंत पहिला तुकडा पांढराफटक पडून कडक झाला. दुसरा होता तसाच लाल! टाळ्यांचा कडकडाट झाला.

सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता माझा धाकटा भाऊ. "पुन्हा प्यायलास तर वाचणार नाहीस," असं डॉक्टरांनी बजावल्यापासून त्याची दारू सुटली होती. माझी भावजय घरात पुन्हा हसायला लागली होती.

"ताई, बघितलंस ना? आता कसली भीती?"

"बाटल्या दोन का, ते विचार आधी."

"झालं तुझं मास्तरीणपण सुरू!"

असं म्हणून हा पठ्ठ्या उठला, तडक टेबलाशी गेला, थोडा काढा घशात ओतला आणि वर दुसरी बाटली तोंडाला लावली. मी त्याच्यामागे धावले.

"अरे, नको! पिऊ नकोस!" महाराज किंचाळले. हा उपदेश ते बहुधा जन्मात पहिल्यांदाच करत होते.

भावाचं तोंड वाकडं झालं. "ताई, हा चहा आहे गं. गार, बिनसाखरेचा!"

"काढ्याचा प्रताप!" महाराजांनी सारवासारव केली. "दारूचा चहा झाला!"

"मग पेटवून बघू," मी म्हटलं. दोन बशांत दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं ओतलं. पहिल्या बशीत निळी ज्योत भसकन उठली. दुसरीत काडी चुर्र करून विझली. पहिल्या बाटलीत जवळजवळ निव्वळ स्पिरिट होतं. त्यात मांसाचा तुकडा पांढरा पडणारच; शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बरण्यांत मी रोज बघते.

"पण बाई, पानांत काहीतरी गुण असेल की," एकाने विचारलं.

"असेलही. काही वनस्पतींतले घटक यकृताच्या पेशींना दारूपासून जपतात का, हे शास्त्रज्ञ तपासताहेत. पण रोज पिऊनही यकृत शाबूत ठेवणारा काढा अजून कुणाला सापडलेला नाही. फार उशीर झाला नसेल, तर दारू थांबवल्यावर यकृत बरंचसं सावरतं. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा."

महाराज तोवर मागच्या दाराने पसार झाले होते.

घरी जाताना भाऊ कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानापाशी थबकला. "ताई, त्या बाटलीत खरी असती तर?"

"असती तर उद्या आम्ही तुझ्या उशाशी बसलो असतो रडत."

त्याचे डोळे भरून आले. माझेही आले. मी त्याचा दंड घट्ट धरला. "त्या लबाडाने चहा भरला म्हणून वाचलास. या दुकानात चहा भरत नाहीत, बाबा. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर टाळी वाजवण्याआधी काय करायचं?"

त्याने बाहीने नाक पुसलं. "बाटल्या दोन का, ते विचारायचं."

"शाबास. चल, तुझी बायको जेवायची थांबली असेल."