सातवी नळी

व्हर्जिल स्टॅम्बॉच्या घरी बंदुकाच बंदुका, आणि कामाची एकही नाही, असं त्याची बायको म्हणायची. ती गेली आणि टोमणे मारायलाही कुणी उरलं नाही. विस्मृतीत गेलेल्या, नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायच्या बंदुकांच्या नव्या नकला जमवायचा त्याला भारी नाद. नकला, पण खरोखर बार काढणाऱ्या. त्यातली लाडकी सात नळ्यांची. चाप एकदा ओढला की सातही नळ्या एकदम धडाडायच्या. ती जेवणाच्या टेबलावरच्या भिंतीला टांगलेली असे.

आता म्हातारा विसरायला लागला होता. एकदा गाडी दुकानापुढे सोडून हा चालत घरी आला. "बाबा, बंदुका काढून टाकू या," मुलगी आर्लीन म्हणाली. मग भांडण, अबोला. शेवटी ठरलं, बंदुकीच्या क्लबातला ड्यूई क्रँट्झ त्याला ती बंदूक भरताना बघेल. ड्यूई हो म्हणाला तर बंदुका राहतील.

क्लबाच्या मैदानात चिखल होता. आर्लीन गाडीतच बसली. क्लबातल्या लोकांची रीत अशी, की भरण्याआधी आणि उडवल्यावर प्रत्येक नळीत लोखंडी गज सोडायचा. नळी रिकामी असली तर गज खणकतो, भरलेली असली तर दबका आवाज येतो. व्हर्जिलनं गज सोडले. ड्यूई कॉफी ओतत होता. चाळीस वर्षांच्या मित्राला काय पारखायचं!

बार झाला. धुरातून व्हर्जिल हसत बाहेर आला.

"अजून बरीच वर्षं छळणार तू आम्हाला, लेका," ड्यूई म्हणाला आणि त्यानं आर्लीनकडे अंगठा वर केला.

मग गज सोडले. सहा नळ्या खणकल्या. सातवी दबकी.

"एक नाही उडाली," ड्यूई हळूच म्हणाला. "ठिणगी आत जायचं भोक तुंबलं असेल. बाकी सहांच्या दणक्यात कळतंय कुणाला? आर्लीनला कशाला सांगायचं?"

दारू भिजावी म्हणून त्यांनी नळीत पाणी ओतलं, गजाला स्क्रू लावून गोळी ओढून काढली. सवयीनं व्हर्जिलनं पुन्हा गज सोडला. पुन्हा दबका आवाज.

दुसरी गोळी निघाली ती पांढुरकी पडलेली, भोवतीची चिंधी कुजलेली. म्हणजे आज भरण्याआधी सातव्या नळीत गज पडलाच नव्हता. आणि याआधी शेवटची नोव्हेंबरात उडवली, त्यानंतरही नाही. त्याच महिन्याअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळे घरी जेवायला जमले, तेव्हा बंदूक भिंतीवर होती ती भरलेली.

"पेटवायची वरची दारू नव्हती रे घातलेली," ड्यूई म्हणाला. "आपोआप थोडीच उडणार होती?"

"बंदुकीचं तोंड जोसीच्या खुर्चीकडे होतं," व्हर्जिल म्हणाला.

जोसी त्याची नात. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी तीच टेबलाशी जाऊन बसली होती. व्हर्जिल चिखल तुडवत गाडीपाशी गेला आणि त्यानं ती पांढुरकी गोळी आर्लीनच्या हातावर ठेवली.

"ड्यूई तुला खोटं सांगेल. ऐकू नकोस. सगळ्या घेऊन जा."

आर्लीन भांडायच्या तयारीनं आली होती. आता तिला गाडी सुरू करायचंही सुचेना.