काट्याची फुशारकी

मी मानसिंग, फलटणकडचा. तोंडानं फटकळ, पर कामाला चोख. अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात काश्मिरात डाकोटा इमानातनं पोती ढकलायचं काम माझ्याकडं व्हतं. त्या दिशी माझा जीव थाऱ्यावर न्हवता. ज्या ठाण्यावर तांदूळ टाकायचा, तिथं माझा धाकटा भाऊ ज्ञानू पलटणीसंगट बर्फात अडकलेला. शिधा संपला, असा निरोप आलेला.

खिंडीवर ढग गच्च. इमान चालवणारं गरेवालसाब पंजाबी. त्यांनी आदीच समजावलं व्हतं, कडक थंडीत हवा आकसती आन् उंचीचा काटा फुशारकी मारतो. इमान असतं खाली, त्यो दावतो वर. आता काटा म्हणत व्हता, खिंडीच्या वर हाय. साबानं थंडीचा हिशेब वजा केला, तर आमी दगडाच्या बरोबरीनं! वजन उतरल्याबिगर इमान चढंना. "आधा माल फेंको!" साब वरडलं.

"कुणाच्या तोंडचा घास फेकू, साब?" मी बी वरडलो. पर हुकूम त्यो हुकूम. पयलं पोतं ढकललं.

तेवढ्यात साबानं इचारलं, "पीछे खाली?" म्हंजी मागं रिकामं झालं का. दारात नाथाजी व्हता, कराडकडचं नवं रंगरूट, हिंदीच्या नावानं बोंब. त्याला वाटलं, साब इचारत्यात खाली काय दिसतंय. ढग फाटला, चाकांखाली काळा कडा! "खाली! खाली!" त्यो बोंबलला. साबानं ऐकलं, रिकामं झालं. त्यांनी इमानाचं नाक सरळ खिंडीकडं वळवलं.

मिरजेचा इमाम आमच्याच टोळीतला गडी, त्याला दोन्ही भाषा याच्या. "या अल्ला!" करत त्यो फुडं धावला. "खाली नै हुआ साब! नीचे पहाड है!"

साबानं इमान आडवं फिरवलं, आमी पोत्यांवर तुटून पडलो. मी लाथा घालत व्हतो, रडत व्हतो, शिव्या देत व्हतो. दुसऱ्या फेरीला कडा पोटाखालनं सरकला. ज्ञानूच्या ठाण्यावर टाकायला मोजकीच पोती उरली.

फुडच्या साली ज्ञानू रजेवर आला. जेवता जेवता म्हणाला, "दादा, त्या दिशी पोती लय कमी पडली. इमानातल्या चोरांचं वाटुळं हू दे!"

"चोर न्हाई रं. मीच फेकली." सगळं सांगितलं.

त्याचा घास हातातच राहिला. "बरं केलंस. न्हाईतर तू गेला असतास."

मग आवाज बारीक करून म्हणाला, "आपल्या गावच्या बयाबाईचा लेक नानासो आमच्याच ठाण्यावर व्हता. त्याच आठवड्यात गेला. भुकेनं का थंडीनं, कुणाला ठावं. म्हातारी रोज इचारती, माझं लेकरू जेवून गेलं का. मी व्हय म्हणतो. तूबी व्हयच म्हण."