दोष आरशात की ताऱ्यात?

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. दिसायला जाडजूड पाइपासारखी. माझ्या पोटात एक आरसा आहे. तो कॉलेजात शिकवणाऱ्या सरांनी तिथल्या प्रयोगशाळेत स्वतः घासून घडवला. काचेवर काच, मध्ये घासायची ओली पूड, आणि सर टेबलाभोवती फिरत असत. "आता जेवायला तरी चला," त्यांची बायको दारातून म्हणायची. "एवढा एक फेरा झाला की आलोच," सर म्हणायचे. तो फेरा काही संपत नसे.

पुढे मला कॉलेजच्या गच्चीवर, सरकत्या छपराच्या खोलीत बसवले. सर निवृत्त झाले आणि त्यांची विद्यार्थिनी माझ्यावर काम करू लागली. तिला सगळे बाई म्हणत. बाईंनी एक तारा निवडला. दिसायला एकच, पण खरे तर ते दोन, एकमेकांभोवती फिरणारे. एक दुसऱ्याच्या आड गेला की प्रकाश कमी होई. बाई कॅमेऱ्याने फोटो घेत आणि त्यावरून प्रकाशाचा आलेख काढत.

आलेख नीट येईना. प्रकाश झपकन उतरायचा. चढताना मात्र मध्येच अडखळायचा, जिन्यात दम लागल्यासारखा.

सरांनी तो आलेख बराच वेळ पाहिला. "आरसा गेला," ते म्हणाले. "माझंच काम कच्चं राहिलं. काढून टाक ही दुर्बीण, नवीन घे."

मी गप्प होते. दुर्बिणीला दुसरे काय करता येते?

"सर, त्याच फोटोतला हा शेजारचा तारा बघा," बाई म्हणाल्या. "याचा प्रकाश जराही हललेला नाही. आरसा बिघडला असता तर दोघंही अडखळले असते."

"मग हे काय आहे?"

"एक तारा दुसऱ्याचा वायू ओढून घेतोय. तो वायू थेट आत पडत नाही, भोवती तबकडीसारखा फिरतो. वायूची धार तबकडीवर आदळते तिथे उजळ ठिपका आहे. आडोशातून तबकडी आधी बाहेर येते, ठिपका मागाहून. म्हणून आलेख चढताना ही पायरी."

सरांनी चष्मा पुसला. "म्हणजे आरसा बरा आहे?"

"बरा नसता तर ही पायरी दिसलीच नसती, सर."

 सरांनी माझ्या नळीवर हात ठेवला.

पुढे एका मोठ्या वेधशाळेने तो आलेख पडताळला. तो खरा निघाला. बाईंना तिकडे बोलावणे आले. त्या गेल्या, ते योग्यच झाले. सर आता नाहीत. माझ्या खोलीचे सरकते छप्पर गंजून अडकले आहे. आत मोडक्या खुर्च्या ठेवतात. एक तर माझ्या अंगावरच टेकली आहे. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. ते दोन तारे वर फिरतच आहेत.

मित्रांनो, कधी गच्चीवर आलात तर आरसा फडक्याने पुसायला जाऊ नका, ओरखडे पडतील. छपराच्या चाकांना तेवढे तेल घाला. बाकीचे मी बघते.