‘हो’ची नणंद, ‘नाही’ची भावजय

गाडी चालवायला शिकवणाऱ्या त्या बाईला अख्खं शहर क्लचबाई म्हणायचं. "क्लच हळू सोडा, अजून हळू," हे वाक्य दिवसातून इतक्यांदा तिच्या तोंडून निघायचं की झोपेतसुद्धा ती तेच बडबडते, असं तिचा नवरा सांगायचा. शिकाऊ गाडीत तिच्या पायाखाली तिचा स्वतःचा वेगळा ब्रेक होता आणि त्याच्या जिवावर तिनं आजवर कितीतरी माणसं, कुत्री आणि दिव्याचे खांब वाचवले होते. गाडीत ती वाघीण. पण चार लोकांपुढं उभं राहून बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची. भाचीच्या लग्नात दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ही मागच्या मागं सटकली आणि भांडी विसळत बसली.

तिची नणंद नेमकी उलट. नवऱ्याची ही थोरली बहीण लग्नाच्या भानगडीत कधी पडली नाही. शहराच्या टोकाला तिची रोपवाटिका होती. संध्याकाळी काचघराला कुलूप लावलं की ती भावाकडे जेवायला यायची, आणि ती आल्याचं दोन घरं अलीकडेच कळायचं, इतका तिचा आवाज खणखणीत.

अशा घरात एका सकाळी बातमी आली. सज्ञान माणसांनी मौजेखातर गांजा ओढला तर तो गुन्हा राहावा की नाही, हे लोकांनीच मत देऊन ठरवायचं. गुन्हा नको असेल तर ‘हो’, हवा असेल तर ‘नाही’. झालं. शहराच्या अंगात वारं शिरलं. न्हाव्याच्या खुर्चीत, दवाखान्याच्या बाकावर, बँकेच्या रांगेत, जिथं दोन माणसं भेटतील तिथं तिसरा येऊन भांडण लावून द्यायचा. खिडक्या-खिडक्यांत हिरव्या आणि लाल पाट्या लागल्या. हिरवी म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. क्लचबाईच्या घराच्या खिडकीत दोन्ही लागल्या, लाल तिची, हिरवी जेवायला येताना नणंदेनं आणलेली, आणि मधोमध पडदा.

"ताई, तुमची ती पाटी जरा पलीकडे सरकवा. माझी झाकली जातेय."

"तुझी झाकण्यासारखीच आहे."

नणंदेच्या ‘हो’ला कारण होतं. तिच्याकडे कलमं बांधणारा एक माणूस होता, हाताला विलक्षण गुण असलेला. त्याच्या कोटाच्या खिशात चिमूटभर गांजा सापडला आणि तो तुरुंगात गेला. सुटून आला तेव्हा त्याला कुणी भाड्यानं खोली देईना. तो शहर सोडून गेला तो गेलाच. "कुणाला मारलं नाही, कुणाचं चोरलं नाही, आणि माणूस आयुष्यातून उठला," नणंद म्हणायची. क्लचबाईचं कारण तिच्या पायाखाली होतं, आणि ते ती जेवताना रोज सांगायची. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. वर-खाली दोन्हीकडे जाणं हाच धंदा असल्यामुळं तो कुणाचीच बाजू घ्यायचा नाही. सासूबाईंना एका कानानं कमी ऐकू यायचं. कोणत्या, ते प्रसंगावर अवलंबून असायचं.

नगरभवनात पहिली जाहीर सभा ठरली. ‘हो’च्या बाजूनं नणंद बोलणार होती, ‘नाही’च्या बाजूनं दातांचे एक नावाजलेले डॉक्टर. सभागृह खच्चून भरलं, माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसली, आणि ऐन वेळी निरोप आला की डॉक्टरांची दाढ ठणकतेय, तोंड उघडता येत नाही. सभेच्या अध्यक्ष होत्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी चष्म्यावरून सभागृहाकडे बघितलं. "नाही म्हणणारं दुसरं कुणी बोलेल का?"

सासूबाईंनी सुनेच्या बरगडीत कोपर मारलं. "जा की. घरात भिंतींना घाम फुटेस्तोवर बोलतेस."

"आई, मला नाही जमायचं."

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं," असं म्हणत सासूबाईंनी सरळ तिचा हात धरून वर केला.

मंचावर ती कशी पोचली ते तिला पुढं कधी आठवलं नाही. माइक खरखरला. समोर डोकीच डोकी. पलीकडच्या टेबलामागं नणंद बसलेली, तिचेही डोळे विस्फारलेले. क्लचबाईनं तोंड उघडलं आणि सवयीनं बाहेर पडलं ते एवढंच, "सगळ्यांनी पट्टा लावलात का?"

सभागृह खदखदून हसलं, आणि त्या हसण्यात तिच्या घशातली कोरड कुठं गेली कुणास ठाऊक.

"माझ्याकडे एक सुतार शिकायला यायचा," ती बोलायला लागली. "चांगला माणूस. एक दिवस आला तो डोळे लाल, चेहऱ्यावर गोड हसू. मी विचारलं, काही घेतलंय का? नाही म्हणाला. चौकात सिग्नल लाल झाला. समोरून एक बाई बाबागाडी ढकलत निघाली. त्याला सिग्नल दिसत होता. बाई दिसत होती. पण त्याला घाईच नव्हती. सगळं निवांत चाललं होतं त्याचं. माझा पाय ब्रेकवर पडला म्हणून मी आज इथं उभी आहे, नाहीतर पोलिसांत उभी असते." ती थांबली. "दारू प्यायलेल्याला पकडायला फुंकायचं यंत्र आहे. गांजाची तपासणी केली तर गेल्या आठवड्यातला झुरकाही सापडतो, पण आत्ता या घडीला माणसाला किती चढलेली आहे, ते धड कळत नाही. ज्या गोष्टीला मोजमाप नाही ती तुम्ही रस्त्यावर मोकळी सोडणार, आणि ब्रेक दाबायला मी प्रत्येक गाडीत बसणार आहे का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिचे कान तापले. पहिल्यांदा एकटीनं हमरस्त्यावर गाडी काढली होती तेव्हा छाती अशीच धडधडली होती.

नणंद उठली. "माझ्या भावजयीनं सांगितलं त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी तो रोज जेवताना ऐकते." पुन्हा हशा. "पण मला सांग, तो सुतार गांजा ओढून आला तेव्हा बंदी होती ना?"

"होती."

"तरी आला. आणि डोळे लाल का, याला काय म्हणाला?"

"ॲलर्जी आहे म्हणाला."

"का खोटं बोलला? खरं बोलला असता तर तुरुंगात गेला असता म्हणून. तू त्याला गाडीतून उतरवायची संधी घालवलीस ती या कायद्यामुळं." मग तिनं कलमं बांधणाऱ्याची गोष्ट सांगितली, आणि आतापर्यंत ‘नाही’साठी टाळ्या पिटणारे बरेच हात मांडीवर स्वस्थ बसले.

क्लचबाईला आतून हलल्यासारखं झालं. हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पण थांबायची तिची तयारी नव्हती. मजा अशी की भीती कधीच पळाली होती, आणि शब्द आपोआप रांगेत उभे राहत होते.

"ताई, खोटं तो तुरुंगाच्या भीतीनं बोलला असेल. पण स्टिअरिंगवर बसला तो कुणाच्या भीतीनं?"

मग जी जुंपली ती जुंपली. अध्यक्षबाईंनी घंटा इतकी वाजवली की तिचा लोलक निखळला, तरी लोक उठेनात.

दुसऱ्या दिवशी फोन यायला लागले. शेजारच्या शहरातलं वाचनालय, परिचारिकांची संघटना, निवृत्तांचा क्लब, सगळ्यांना एकच हवं होतं, नणंद-भावजयीची सभा. दाढ बरी झालेल्या डॉक्टरांना कुणी विचारीना. मतदान होईपर्यंत दोघी शिकाऊ गाडीतून गावोगाव हिंडल्या. गाडी नणंद चालवायची, कारण परीक्षेत ती वारंवार नापास झाली होती आणि हा फुकटचा सराव होता. मागच्या सीटवर सासूबाई, दोन्ही कान शाबूत. गाडीत गांजाचा विषय काढायचा नाही, असा करार होता. त्यामुळं दोघी मिळून सासूबाईंच्या स्वयंपाकावर बोलायच्या आणि सासूबाई दोघींच्या.

त्या दिवसांत क्लचबाईची भूक वाढली, चाल बदलली. सकाळी दात घासताना तिला मुद्दे सुचायचे. नवरा म्हणायचा, "तू आरशाशी भांडतेस." ती म्हणायची, "आरसा बरोबर बोलत असतो, त्याचाच राग येतो." नणंदेचा एखादा बिनतोड मुद्दा आला की तिला चीड यायची आणि त्याच क्षणी आनंदही व्हायचा, जसा समोरच्याचा फटका अचूक बसला तर कसलेल्या खेळाडूला होतो.

शेवटची सभा कापड विणण्याच्या कारखान्याच्या उपाहारगृहात होती. मागं भांडी वाजत होती, टेबलं भिंतीला लावलेली, माणसं दाटीवाटीनं उभी. नणंदेचं बोलणं रंगात आलं होतं, तेवढ्यात लाल बिल्ला लावलेला एक आडदांड माणूस मागून ओरडला, "हिला नवरा मिळाला नाही, म्हणून नशा पाहिजे. हिच्या काचघरात आधीपासून काय पिकतंय ते विचारा तिला."

काही लोक हसले. हसणारे सगळे लाल बिल्लेवाले होते. नणंदेनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. ती हातातल्या कागदाची घडी घालत राहिली, पुन्हा उलगडत राहिली.

बोलायची पाळी क्लचबाईची नव्हती. तरी ती उठली आणि नणंदेच्या पुढ्यातला माइक तिनं उचलला.

"हा माणूस माझ्या बाजूचा आहे, म्हणून याला मीच उत्तर देते," ती म्हणाली. "ही बाई आयुष्यात कधी विडीलासुद्धा शिवलेली नाही. शेजारी कुणी पाचोळा जाळला तरी हिला ठसका लागतो. ज्या गोष्टीसाठी ती भांडतेय ती तिला स्वतःला नकोय. तिच्याकडे काम करणाऱ्या माणसाचं वाटोळं झालं, ते तिला विसरता येत नाही, एवढंच. तिचं म्हणणं मला पटत नाही. साफ पटत नाही. पण उत्तर द्यायचं तर तिच्या म्हणण्याला द्या, तिच्या घरात डोकावू नका. आणि ‘नाही’ म्हणायला तुमच्याकडे एवढंच कारण असेल, तर मेहेरबानी करा आणि ‘हो’ म्हणा. मला तुमचं मत नको."

मग टाळ्या सुरू झाल्या, आधी हिरव्या बिल्ल्यांकडून, मागोमाग लाल बिल्ल्यांकडूनही. तो आडदांड माणूस मान खाली घालून दाराकडे सरकला.

नणंदेनं नाक पुसलं. माइक परत घेतला. "माझी भावजय काय म्हणाली ते ऐकलंत," ती नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "आता ती कशी चुकते आहे ते ऐका." आणि तिनं भावजयीच्या एकेका मुद्द्याची अशी काही पिसं काढली की क्लचबाईला शेवटी हसूच आलं.

परतताना नेहमीसारखी गाडी नणंदच चालवत होती. मागं सासूबाईंना डुलकी लागली होती.

"तू मला ‘ती’ म्हणालीस," नणंद मध्येच म्हणाली. "‘त्या’ नाही."

क्लचबाईला एकदम ओशाळल्यासारखं झालं. "रागाच्या भरात निघून गेलं, ताई. चुकलं."

"चुकलं कशाला. राहू दे तेच."

क्लचबाईनं शब्द तोंडात घोळवून पाहिला. "मग ताई, समोर बघ. ट्रक आलाय."

मतदानाच्या दिवशी तिघी एकाच रांगेत उभ्या राहिल्या. निकाल ऐकायला दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं शहर नगरभवनाच्या आवारात लोटलं. आकडे बाहेर यायला लागले तशी गर्दी एकदा इकडे उसळायची, एकदा तिकडे. ‘नाही’ पुढं गेलं, ‘हो’नं गाठलं, पुन्हा ‘नाही’ पुढं. क्लचबाईनं नवऱ्याच्या दंडात नखं रुतवली होती. शेवटची पेटी मोजून झाली आणि ‘हो’ नाकाच्या शेंड्याएवढ्या फरकानं जिंकलं. हिरव्या पाट्या हवेत उडाल्या. नणंद ओंजळीत तोंड लपवून उभी होती, आणि तिचे खांदे हलत होते.

हरल्याचं वाईट क्लचबाईला वाटलं. चौकातली ती बाबागाडी डोळ्यांपुढं आली. तरीही ती गर्दीतून वाट काढत गेली आणि तिनं नणंदेला कडकडून मिठी मारली.

"तू ‘नाही’लाच दिलंस ना मत?" नणंदेनं डोळे पुसत विचारलं.

"दिलं."

"बरं झालं. नाहीतर तुझ्यावरचा माझा विश्वासच उडाला असता."

सासूबाईंना सगळ्यांनी विचारून पाहिलं. त्यांना त्या दिवशी कोणत्याच कानानं ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई गर्दी सारत आल्या. आता नियम करायचे होते. कुणी, कुठं, किती, आणि मुख्य म्हणजे ओढून गाडीला हात लावणाऱ्याचं काय करायचं. त्यासाठी समिती बसणार होती आणि रस्त्याचे नियम ठरवायला, "मला वाटतं, तुमच्यासारख्या," एवढंच त्या म्हणाल्या असतील नसतील, तोच क्लचबाई म्हणाली, "येते. कधीपासून?"

"सोमवारी सकाळी."

"पहिला नियम मी आत्ताच सांगते. ओढल्यावर पुरता एक दिवस गाडीला हात लावायचा नाही."

"एक दिवस?" नणंदेचे डोळे क्षणात कोरडे झाले. "रात्री चार झुरके मारलेल्या माणसानं दुसऱ्या दिवशी कामावर जायचं कसं? चालत?"

"बसनं."

"आणि बस चालवणाऱ्यानं?"

मुख्याध्यापिकाबाईंनी आधी हिच्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं आणि समितीत आणखी एक खुर्ची मांडावी लागणार, हे त्यांनी ओळखलं. नवरा सासूबाईंना घेऊन घराकडे निघाला. दोघी तिथंच पायऱ्यांवर बसल्या, आणि त्यांच्याभोवती हळूहळू पुन्हा माणसं जमायला लागली.