टाकीतली टकटक

मी एक जुनी काचेची टाकी आहे. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर बोवेन नावाचे गाव आहे. तिथल्या एका लाकडी घरात, स्वयंपाकघरातल्या जाड बाकावर, मागच्या जाळीच्या दाराशेजारी माझी जागा आहे. मित्रांनो, माझ्यात फार तर पाच-सहा बादल्या पाणी मावते. पण काही काळ या घरात असे समजले जात होते की त्या पाण्यात एक माणूस राहतो. त्याचीच ही हकीकत.

मला नेव्हिलने बनवले. नेव्हिल कोबर्न मासेमार होता. लहानशा होडीतून एकटाच दूर प्रवाळाच्या खडकांकडे जाई आणि गळाने मासे धरी. एका हिवाळ्यात वारा इतका सुटला की होड्या काठावरच पडून राहिल्या. हाताला चैन पडेना म्हणून त्याने काचा कापून आणल्या आणि मागच्या शेडमध्ये बसून त्या एकमेकींना चिकटवल्या. सांधा ओला असतानाच त्याचा अंगठा माझ्या एका कोपऱ्यात टेकला. त्या अंगठ्याच्या रेषा तिथे तशाच वाळल्या.

"ग्लेनिस," तो बायकोला म्हणाला, "होडीत पाय ठेवला की तुला उलटी होते. आता समुद्रच घरी आणतो तुझ्यासाठी."

"आधी गळकं छप्पर बघ," ग्लेनिस म्हणाली. "समुद्र कुठं पळून जात नाही."

छप्पर दुरुस्त झाले, पण समुद्र राहून गेला. मी शेडमध्येच पडले. माझ्यात रंगाचे रिकामे डबे आले, दोराची वेटोळी आली, एका कोळी किड्याने आपले जाळे विणले. ज्याच्या हातांनी मला बनवले, त्याने माझ्यात पाण्याचा एक थेंबही कधी पाहिला नाही. याचे मला अजून वाईट वाटते.

मग एका सकाळी नेव्हिल समुद्रावर गेला तो परतलाच नाही. होडी सापडली. नांगर टाकलेला होता, इंजिन नीट बंद केलेले होते, थर्मासमध्ये चहा उरला होता आणि टोपी बसायच्या फळीवर ठेवलेली होती. फक्त तो नव्हता. विमाने फिरली, गावातल्या सगळ्या होड्या फिरल्या, आणि शेवटी शोध थांबला.

नेव्हिलची बहीण बेरिल दोन गल्ल्या पलीकडे राहते. बोलायला फटकळ, पण भावावर तिचा जीव. ती ग्लेनिसला म्हणाली, "चर्चमध्ये प्रार्थनेचं सांगून ठेवूया. धक्क्यावरच्या भिंतीवर बुडालेल्यांची नावं आहेत, तिथं त्याचंही कोरून घेऊ."

"सापडला नाही तो मेला असं मी कशावरून म्हणू?" ग्लेनिस म्हणाली.

"मग काय म्हणणार आहेस?"

ग्लेनिस उठली. ती शेडमध्ये गेली आणि तिने मला बाहेर काढले. डबे फेकले, कोळी झटकला, आणि मला धुऊन स्वयंपाकघरात आणून ठेवले. अंगठ्याच्या खुणेवरून तिने आपले बोट किती तरी वेळ फिरवले.

टाउन्सव्हिलमध्ये सांतो पापालार्दो नावाच्या माणसाचे माशांचे दुकान आहे. देहाने अवाढव्य, बोलण्यात सावकाश. ग्लेनिस त्याच्याकडून वाळू, एक दिवा, पाणी हलते ठेवणारा छोटा पंप आणि समुद्राचे जिवंत खडक घेऊन आली. खडक जिवंत म्हणजे त्यांच्या भोकाभोकांत जीव असतात, डोळ्यांना न दिसणारेही, आणि पाण्यातली घाण तेच पचवतात. मोठ्या टाक्यांना आणखी एक यंत्र लावतात. ते पाण्याला फेस आणते आणि फेसाबरोबर घाण बाहेर उपसून टाकते. ग्लेनिसला ते यंत्र नको होते. त्याची घरघर चालू राहिली तर मागच्या दाराशी कोणी आले तरी ऐकू येणार नाही, असे ती म्हणाली. कोण येणार, हे सांतोने विचारले नाही.

तो एवढेच म्हणाला, "चालेल की त्याच्याशिवाय. खडक भरपूर, मासे कमी. दर आठवड्याला थोडं पाणी काढायचं, तेवढंच ताजं घालायचं. आटलेलं पाणी मात्र गोड्या पाण्यानं भरायचं, मीठ आटत नाही. आणि खायला घालताना हाताला आवर. या टाकीत चूक बाहेर फेकणारं कोणी नाही बाई. जे आत पडलं ते आतच राहणार."

दर रविवारी ग्लेनिस भरतीच्या वेळी खाडीवर जाई आणि कॅनमध्ये निवळ पाणी भरून आणी. "ज्या पाण्यात तो आहे, तेच हे पाणी," असे ती ते माझ्यात ओतताना हळूच म्हणे.

सुरुवातीचे दिवस रिकामे गेले. खडकांना वास येत होता, काचेवर तपकिरी शेवाळ चढत होते. मग ते विरले, हिरवे आले. गोगलगायी आल्या, शंखात राहणारे खेकडे आले. शेवटी नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आणि बटणांएवढे प्रवाळ आले. दिवा लागला की ती बटणे फुलासारखी उघडत. शेजारपाजारचे लोक मला बघायला येत, खुर्ची ओढून बसत. मित्रांनो, इतकी वर्षे डबे सांभाळल्यावर ते कौतुक मला किती गोड लागले म्हणून सांगू!

आणि मग टकटक सुरू झाली.

संध्याकाळची वेळ होती. ग्लेनिस बटाटे सोलत होती. टक्. काचेवर नखाने नव्हे, धातूने मारावे तसा आवाज आला. तिच्या हातातली सुरी थांबली. पुन्हा टक्.

नेव्हिल धक्क्यावरून घरी येई तेव्हा त्याचे दोन्ही हात सामानाने भरलेले असत. दार उघड म्हणून सांगायला तो बोटातली लग्नाची अंगठी जाळीच्या चौकटीवर वाजवी. अगदी अशीच. ग्लेनिस धावत दाराशी गेली. बाहेर आंब्याच्या झाडाखाली कोणी नव्हते. ती परत वळली आणि आवाज माझ्यातून आला.

ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. "नेव्ह?" तिने विचारले.

टक्.

आवाज कुठून येतो हे मला माहीत होते. मधल्या खडकाच्या पोटात एक लहानसा जीव राहत होता. खडकाबरोबरच आला होता, कोणाला न दिसता. त्याची टकटक माझ्या चारही काचांत घुमे. पण टाकीला तोंड नसते. आणि खरे सांगू? त्या संध्याकाळी ती प्रश्न विचारत होती आणि तो आवाज उत्तर दिल्यासारखा येत होता, तेव्हा मलाही वाटू लागले की मला जेवढे माहीत आहे तेवढेच खरे असेल कशावरून?

त्यानंतर ग्लेनिस त्या आवाजाला नेव्हिल समजून जेवू घालू लागली. सकाळी कोळंबीचा तुकडा, दुपारी माशाचा. जेवायला बसली की आपल्या ताटातला घास आधी माझ्यात सोडी. "भूक लागली असेल रे," म्हणे. शेजारणींना ती घरात घेईनाशी झाली. बेरिल फोन करी तेव्हा "बरी आहे" एवढे बोलून ठेवून देई. रविवारी पाणी आणायलाही जाईना, कारण ती बाहेर असताना तो टकटक करील अशी तिला धास्ती होती.

घास माझ्या तळाशी साचले. पाणी आधी धुरकट झाले, मग दुधासारखे. बटणे मिटली ती उघडेनात. गोगलगायी पाण्याबाहेर यायला धडपडू लागल्या. एक मासा खडकामागे आडवा झाला आणि खेकड्यांनी त्याला संपवले. दुसरा वर येऊन तोंड उघडत राहिला. माझ्या पोटात सगळे गुदमरत होते आणि ती प्रेमाने आणखी वाढत होती. एवढी असहाय मी शेडमध्येही नव्हते.

एका दुपारी बेरिल न विचारता आत आली. दारातच तिने नाकाला रुमाल लावला.

"ग्लेनिस, अगं काय कुजतंय घरात? आणि तू आरशात बघितलंस का स्वतःला?"

"हळू बोल. त्याला आवाज नको असतो."

"कुणाला?"

टक्.

बेरिलने नाकावरचा रुमाल खाली घेतला. ती सावकाश खुर्चीवर बसली. तिच्या डोळ्यांपुढेही तीच अंगठी असणार. लहानपणापासून त्या भावाचे सगळे आवाज तिच्या कानांत होते.

"तुलाही आलं ना ऐकू?" ग्लेनिस म्हणाली. "आता सांग, कोरायचं का त्याचं नाव?"

बेरिल माझ्याजवळ सरकली. मग तिचे लक्ष पाण्याकडे गेले, वर येऊन धापा टाकणाऱ्या माशाकडे. "तो आत असेल तर," ती हलकेच म्हणाली, "या पाण्यात त्याचा जीव घुसमटतोय बघ. आधी पाणी बदलू. बाकीचं मग भांडू."

तिने सांतोला फोन लावला. तो म्हणाला, "खडक बादलीत काढा, तळ उपसा, निम्मं पाणी आज बदला, बाकीचं एक-दोन दिवसांनी. आणि काही दिवस एक कणही घालायचा नाही. टकटक म्हणता? मग ती पिस्तूल कोळंबी. तिचा एक पंजा मोठा असतो, तो ती वाजवते. काढून टाकायची असेल तर मी येतो."

बेरिलने फोन खाली ठेवला. ऐकलेले ग्लेनिसला कसे सांगावे तिला कळेना. तिने काही सांगितलेच नाही. दोघी खाडीवर गेल्या, कॅन भरून आल्या, बाह्या वर केल्या. ग्लेनिसने मधला खडक स्वतः उचलला आणि बादलीत ठेवला.

टक्. आवाज बादलीतून आला. माझ्यात सगळे शांत होते.

ग्लेनिस वाकली. खडकाच्या भोकातून एक मळकट, बोटाच्या पेराएवढा जीव बाहेर आला. एक पंजा इवलासा, दुसरा अंगाला न शोभणारा. त्याने तो तिच्याकडे उगारला आणि वाजवला.

ती जमिनीवर बसली आणि रडली. नेव्हिल गेल्यापासून मी तिला रडताना पाहिले नव्हते. बेरिल ओल्या हातांनीच तिच्याजवळ बसली.

"सांतो न्यायला येतो म्हणालाय याला," बेरिल म्हणाली.

"नको," ग्लेनिस डोळे पुसत म्हणाली. "त्यानं थोडंच सांगितलं होतं मला की मी नेव्हिल आहे." तिने खडक, तो जीव आणि सगळे, पुन्हा माझ्यात ठेवले.

पाणी निवळले. तो एक मासा जगला. पुढे सांतोने त्याला जोडीदार आणून दिला. बटणे एकेक करून उघडली, सगळी नाही.

नंतर ग्लेनिसच्या होकाराने धक्क्यावर नेव्हिलसाठी शेवटची प्रार्थना झाली. त्या दुपारी घराला कुलूप होते आणि सगळा गाव धक्क्यावर होता. मित्रांनो, मासे खायला घालणाऱ्या हाताला नव्हे, समोर उभ्या राहणाऱ्याच्या सावलीला ओळखतात. कोणी माझ्यासमोर येऊन उभे राहिले की ते पुढच्या काचेशी येतात आणि थांबतात. त्या दुपारी खोलीत कोणी नव्हते. दार वाजले नव्हते, टकटकही झाली नव्हती. तरी दोन्ही मासे पुढे आले. वर, माणसाचा चेहरा असतो तिथे, टक लावून बघत राहिले, आणि खूप वेळाने सावकाश मागे वळले. यात कोळंबीचा हात नव्हता. मी जे पाहिले ते सांगितले. त्याचा अर्थ मला विचारू नका.

आता माझ्या काचा ओरखड्यांनी भरल्या आहेत, एका सांध्यातून कधी कधी पाझर फुटतो. तुमच्याकडे एवढेच मागते. एखादा जीव पाळलात, तर आपल्या मनातली भूक त्याच्या तोंडात कोंबू नका. माझ्यासारखीला घाण उपसणारे यंत्र नसते, म्हणून मायासुद्धा चिमटीनेच द्यावी लागते. रविवारी ताजे पाणी आणा, हात धुऊन घ्या, चिमूटभर घाला. आणि मग झाकण लावून, थोडा वेळ नुसते बघत बसा.