चाळ भरण्याआधी

साधना निकम नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि उरलेला जन्म कांदा का सडतो ते शोधण्यात घालवायच्या. साठवणीच्या चाळीत भरलेला उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत निम्मा नासतो, हे सटाण्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक. बाईंचं उत्तर साधं होतं: कांदा नीट वाळवा, पात दोन बोटं ठेवून कापा आणि चाळीत छातीपेक्षा उंच थर लावू नका. पण हे सांगायला त्यांना माईक मिळायचा तो परिषदांमध्ये. तिथे कांदा असायचा फक्त जेवणाच्या ताटात.

२००३ च्या एप्रिलात सटाण्याजवळच्या गावातून फोन आला. भिकनअण्णा, तिथले मोठे बागायतदार. "मॅडम, आमच्या शेतकरी मेळाव्यात बोलायला तुम्ही यायचंच. गाडी पाठवतो." बाई महिन्याभरात निवृत्त होणार होत्या. गुडघे कुरकुरत होते, इंदिरानगरातल्या घराबाहेर पडणं जिवावर येत होतं. तरी निघाल्या. चाळी भरण्याआधी चार माणसांनी ऐकलं तर यंदाचा माल वाचेल, आणि आपण केलं ते कुणाच्या तरी कामी येईल, एवढीच आशा.

मंडपात आधी दीपप्रज्वलन झालं, मग स्वागतगीत. मग शाल-श्रीफळ. बाईंना, सरपंचांना, सरपंचांच्या व्याह्यांना, शेवटी मंडपवाल्यालाही. सत्कार म्हणजे आपल्याकडे दावं तोडलेला बैल, एकदा सुटला की कुणाला आवरत नाही. रणरणत्या उन्हात बाई खांद्यावर शाल घेऊन घामाघूम बसल्या होत्या. लोकांचं लक्ष मागे शिजणाऱ्या वरणाकडे होतं.

"मॅडमचं संशोधन घराघरात पोचलं पाहिजे!" भिकनअण्णा माईकवरून गरजले. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात कनातीच्या फटीतून बाईंना अण्णांचीच चाळ दिसली. बायका पाट्या भरभरून कांदा ओतत होत्या. कांदा ओलसर, पात पार घासून छाटलेली, ढीग डोक्यापेक्षा उंच. बाईंना राहवेना. त्या सगळ्यांसमोर स्टेजवरून उतरल्या आणि गुडघा धरत चाळीपाशी गेल्या.

"अहो, थांबा! हा सगळा सडेल!"

विमलाबाई नावाच्या मजूर बाईनं पाटी खाली ठेवली. "आमना हातमा काय शे, बाई? मालकले सांगा." आणि तिनं माईककडे बोट दाखवलं.

बाई माघारी आल्या. अण्णा भाषण संपवून घाम पुसत होते.

"अण्णा, चाळ भरणं थांबवा. मला पाच मिनिटं बोलू द्या."

"पानं वाढली, मॅडम. आणि मजूर आजच्यापुरतेच मिळालेत." अण्णा अजिजीनं म्हणाले, "पुढच्या वर्षी तुमचं भाषण पहिलं. शब्द देतो."

"पुढच्या वर्षी कुठली प्रयोगशाळा आणि कुठलं काय! मी निवृत्त होतेय, अण्णा."

अण्णांचा चेहरा खुलला. त्यांनी माईक पुन्हा ओढला. "मंडळी, मॅडमच्या निवृत्तीचा सत्कारही आपल्याच गावात होणार!"

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंना रडू आलं, रागही आला, पण रागवायलाही अंगात जोर लागतो. सगळे त्यांच्याकडे बघत होते. बाईंनी हात जोडले.