सवाष्णीच्या हातची

प्रियांकाचे हात उसने घेण्यात कोणाचा किती फायदा होता, ते आधी पाहू. प्रियांकाला नखं रंगवून घ्यायला कायमची सबब मिळाली होती आणि अनोळखी बायका फोनवर तिच्या बोटांना ‘नाजूक’ म्हणत होत्या. तिचा नवरा सिद्धेश दिवसभर दुसऱ्याच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकायचा. आता तो स्वतःच्या नावापुढे ‘संस्थापक’ लिहू शकत होता. सासूबाई हौसाबाईंना शेजारणी आपणहून जिन्यात थांबवत होत्या. राहिली थोरली सून समीक्षा, म्हणजे जिच्या हातून माल तयार व्हायचा ती. तिला एवढंच मिळत होतं, की “माहेरी कधी जायचं म्हणतेस?” हा प्रश्न घरात बंद झाला होता. तिच्या लेखी हा फायदा सगळ्यांत मोठा होता. नवरा, आनंद, जाऊन तीन वर्षं होत आली होती आणि तिची जाई अजून डोंबिवलीच्याच शाळेत जात होती.

समीक्षा मुंडावळ्या ओवायची. दोऱ्याला मेण लावून, मोती निवडून, कपाळाच्या मापाने. इन्स्टाग्रामवर त्या दिसायच्या प्रियांकाच्या हातात.

“वहिनी, तुमचा हात येतोय फ्रेममध्ये,” फोन धरून सिद्धेश म्हणाला. “मागे घ्या ना जरा. आणि प्रियांका, तू नुसती सुई धर. मागच्या वेळी गाठ मारायला गेलीस आणि मी सोफ्याखाली मोती शोधत बसलेलो.”

“मग तूच भर ना हिरव्या बांगड्या,” प्रियांका म्हणाली. “तुझे हात पण काय कमी गोरे नाहीयेत.”

समीक्षा हसली. हसताना तिने हात पदराखाली घेतले. ही सवय तिला कधी लागली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

प्रत्येक व्हिडिओखाली एक ओळ असे : ‘सवाष्णीच्या हातची मुंडावळी.’ ही सिद्धेशची कल्पना. “लोक मोती घेत नाहीत वहिनी, शकुन घेतात,” तो म्हणाला होता. माणूस वाईट नव्हता. गिऱ्हाईक ओळखून होता. ती ओळ घातल्यावर मागणी वाढली, आणि त्याच दिवसापासून समीक्षाची झोप कमी झाली.

सुरुवातीला व्हिडिओत बोलायची तीच, कारण प्रियांका कॅमेऱ्यासमोर अडखळायची. एका दुपारी खाली कोणीतरी लिहिलं, ‘हा आवाज ओतूरच्या आनंदच्या बायकोचा वाटतो.’ समीक्षाच्या हातातली कढई सुटून ओट्यावर आदळली. सिद्धेशने ती ओळ लगेच पुसली आणि तेव्हापासून आवाजाच्या जागी सनई वाजू लागली. पण फोन वाजला की समीक्षा दचकायची. गावाकडे, ओतूरमध्ये, एकाला कळलं, ते दहांना कळणार होतं.

अशात बाळकुमहून सुमतीबाईंचा फोन आला. त्यांच्या अक्षदाचं लग्न होतं.

“मना माल पाठवू नका, बाईलाच पाठवा,” त्या म्हणाल्या. “तिच्याच हातानं माजे पोरीच्या कपाली बांदायची. सवाशीन बाईचा हात लागू दे.”

सिद्धेशने तिथल्या तिथे हो म्हटलं आणि वर लाइव्ह दाखवायचंही ठरवलं.

“मला बांधता येत नाही,” प्रियांका म्हणाली.

“वहिनी येतील ना बरोबर. हेल्पर म्हणून.”

हौसाबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं थांबवलं. “टिकली लावून जा,” त्या समीक्षाला म्हणाल्या. “आणि मागेच उभी राहा. नवरीच्या अंगावर सावली पडायला नको.”

“आई, असं कुठे असतं का?” सिद्धेश म्हणाला.

“असतं. तुझे वडील गेल्यापासून सव्वीस वर्षं मी मागेच उभी राहिलेय. तुझ्या लग्नात अक्षतासुद्धा दारातून टाकल्या. काही बिघडलं माझं?”

हौसाबाईंनी पुन्हा लाटायला घेतलं. ती पोळी एका कडेला जाड झाली.

बाळकुमच्या हॉलमध्ये नवरीच्या खोलीत बायकांची गर्दी होती. सिद्धेशने फोन स्टँडवर लावला, लाइव्ह सुरू झालं, शेकडो माणसं पाहू लागली. प्रियांकाने मुंडावळी अक्षदाच्या कपाळाशी धरली. लांब नख दोऱ्यात अडकलं, तिने ओढलं, आणि मोती फरशीवर टपटपत गेले.

“आता काय जालं?” सुमतीबाईंचा आवाज चिरकला. “म्हूर्त आलाय की.”

समीक्षा काही ठरवण्याआधीच खाली बसली होती. तिने मोती गोळा केले, दाताने दोरा तोडला आणि ओवायला लागली. तिचे हात इतके सराईत चालत होते, की बायका वाकून पाहू लागल्या.

“या ताईंनाच बांधू दे,” अक्षदा म्हणाली. “यांना येतंय.”

“व्हय, बांदू दे,” सुमतीबाईंच्या जिवात जीव आला. “थांब, तुज्या कपाली आदी कुकू लावते.” आणि करंगळीवर कुंकू घेऊन त्या पुढे आल्या.

समीक्षाने ते लावून घेतलं असतं, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. शौर्य वगैरे तिच्या मनात नव्हतं. उद्या या मुलीला साधा ताप आला आणि बाहेर कळलं, तर बोट आपल्याकडे वळेल, जाईकडेही वळेल, एवढंच तिला दिसलं. खरं सांगण्याची भीती होतीच. पण खोटं लपवण्याची भीती त्या क्षणी वजनाला जास्त भरली.

ती एक पाऊल मागे सरली. “मला नको. माझे मिस्टर नाहीत.”

सुमतीबाईंचा हात हवेतच राहिला.

“आणि ही मुंडावली? वविली कुनी?”

“मीच. पेजवरच्या सगळ्याच मी ओवल्यात.”

सिद्धेश फोनकडे धावला, पण पाहणाऱ्यांनी ऐकायचं ते ऐकलं होतं. सुमतीबाईंनी करंगळीवरचं कुंकू ताटाच्या कडेला पुसलं. बाहेरून भटजींची हाक आली. दुसरी मुंडावळी नव्हती. सुमतीबाईंनी ती समीक्षाच्या हातातून घेतली, मोत्यांवर पाण्याचे चार थेंब शिंपडले आणि प्रियांकाला दिली. “तू बांद.”

अक्षदाने आरशातून समीक्षाकडे पाहिलं. मग तिने मान खाली घातली. मुंडावळी वाकडी बांधली गेली.

घरी आल्यावर सिद्धेशने चपलाही काढल्या नाहीत. “दोन दिवस जाऊ देत. लोक विसरतात. आपण सांगू, हेल्पर खोटं बोलली.”

“ती ओळ काढा, भाऊजी,” समीक्षा म्हणाली. तिने दरवाजाची चौकट धरली होती. “ती असेपर्यंत मी एक मोती ओवणार नाही.”

“त्या ओळीवर घर चाललंय, वहिनी.”

“माझ्या हातांवर चाललंय.”

“मग माहेरी न्या ते हात.”

प्रियांकाने नवऱ्याकडे पाहिलं. हौसाबाई देवापुढे बसल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. जाई दप्तर पोटाशी धरून कोपऱ्यात उभी होती.

समीक्षा माहेरी गेली नाही. कळव्यात चाळीतली एक खोली घेतली, जाईची शाळा बदलली, आणि नवं पेज काढून त्यावर स्वतःचे हात दाखवले. बिनबांगड्यांचे, मेणाने चिकट झालेले. चेहराही दाखवला आणि खाली लिहिलं, ‘समीक्षाने ओवलेली.’ पहिल्याच दिवशी कोणीतरी लिहिलं, ‘अपशकुनी.’ तिने ते पुसलं नाही. अजूनही फोन वाजला की ती दचकते, मग पदराला हात पुसून उचलते.

“मम्मी, माझ्या लग्नात तू कुठे उभी राहशील?” जाईने एकदा विचारलं.

“पुढे,” समीक्षा म्हणाली, आणि उठून दाराची कडी नीट लागली आहे का ते पाहून आली.

तर शेवटची बेरीज. सिद्धेश आता बाजारातून तयार माल आणतो. ओळ तीच आहे आणि चालतेही. प्रियांकाच्या बोटांचं कौतुक पूर्वीपेक्षा वाढलं आहे. सुमतीबाईंची लेक सुखाने नांदते आहे. त्या दिवशीची मुंडावळी त्यांनी देव्हाऱ्याजवळ जपून ठेवली आहे, ती कोणी ओवली हे माहीत असून. किंमत समीक्षाने भरली, घर देऊन. जाईने भरली, शाळा आणि मैत्रिणी देऊन, आणि तिला तर कोणी विचारलंही नव्हतं. हौसाबाई ती अजून भरताहेत. आपल्या, म्हणजे गिऱ्हाइकांच्या, खात्यावर काहीच आलं नाही; आपण फक्त ती ओळ वाचली आणि मुंडावळी मागवली.